जावेच्या खड्ड्यातलं पाणी

नळाच्या तक्रारीच्या रांगेत प्रेमलताबाईंच्या पुढं दोघी उभ्या होत्या. त्यातल्या मीराबाई नुसत्या फणफणत होत्या.

"घरात बाळंतीण हाय, अन् नळाले करंगळीएवढी धार!"

"काहून वं? पाइप गंजला काय?" सोबतच्या दुसरीनं विचारलं.

"गंजते कशाचा! शेजारी माही जाऊ राह्यते. तिनं दोन हात खड्डा खोदून नळ खाली घेतला. सारं पाणी तिकडंच उतरते."

"अन् तुमचा नळ?"

"माहा एकच हात खाली हाय."

"पहिले कोणं खोदला?"

"मीच. पण मले गरज होती!"

"मंग बाळंतिणीले पाणी कुठून आणता?"

"जाऊच आणते. मागायच्या आधी पाण्याचे दोन गुंड भरून दारात ठेवते. पाणी माह्या नळाचं, अन् उपकार तिचे काहून घेऊ मी?"