बिनरेघांचा अंगठा

माझं माहेर रोह्याकडं, कुंडलिकेच्या काठाला, आणि दिलं मला पेणच्या खाडीकडं, मिठागरवाल्यांच्या घरात, तर आयुष्य सगळं खारंच गेलं म्हणा, पण तोंड तिखट राहिलं. लिहिताय ना ताई? लिवा. उन्हाळाभर मीठ ओढायचं आणि मिठाचा हंगाम सरला की पेणेत गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या. किती वर्षं घासल्या ते गणपतीलाच ठाऊक.

तेव्हा माझी धाकटी जाऊ हिरा ग्रामपंचायतीला उभी राहिली. मोजणी तालुक्याला. मी अशी शहाणी, निकालाच्या आधीच पदरात गुलाल बांधून गेले. आधी निरोप आला हिरा निवडून आली, मग तासाभराने म्हणतात नाय, पडली. आम्ही म्हटलं परत मोजा, आमच्यासमोर मोजा, आणि बसलो रस्त्यावर. एवढंच केलं हो. तर पोलिसांच्या लाठ्या. बाया, म्हातारी माणसं, कोण म्हणून बघितलं नाय. आणि मी, जी सकाळपासून सगळ्यांना सांगत होते कोणी हलायचं नाय गो, ती पहिली पळाली. शेजारच्या कारखान्यात मोठ्या गणपतीच्या मागं उकिडवी बसले, गुलाल सांडून तोंड लालभडक. आमचे हे निसटले होते खरं, पण मला शोधायला माघारी फिरले आणि हात मोडून घेतला, वर त्यांनाच धरून नेलं.

हिराला घेऊन ठाण्यात गेले तर हे बाकावर, हात लोंबतोय, दवाखान्यात कोणी नेत नाय. साहेब एकदम गोड. म्हणाला, मावशी, इथं अंगठा द्या, नवरा घेऊन जा. कागदावर काय, तर हे मिठागराच्या बांधावरून पडले. हिरा म्हणाली, नको गो बाय, मग सगळा गावच बांधावरून पडला म्हणतील. मी म्हटलं तू गप. लोक मला आज वाघीण म्हणतात, काय सांगू तुम्हाला, मी अंगठा पुढं करूनच बसलेले.

पण अंगठा उठेचना! नुसता निळा डाग, रेघ एक नाय. मिठाने आणि पॉलिश पेपरने सगळ्या रेघा खाल्लेल्या. हवालदाराने पुसला, परत दाबला, परत पुसला, बिचारा घामाघूम. बाकावर हे हसायला लागले, कळ येतेय आणि हसतायत. त्यांना हसताना बघितलं आणि माझी भीती कुठं गेली मला कळलं नाय. साहेब म्हणाला, सही येते का? आता सही मला येत होती, साक्षरतेच्या वर्गात शिकलेले, गावभर मिरवायची. मी म्हटलं, नाय बा, अडाणी बाई मी. हिराने पदरात तोंड खुपसलं.

तोवर गाव येऊन बसला ठाण्याच्या दारात, तेव्हा कुठं ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने खरं लिहिलं, लाठीचा मार. फेरमोजणीत हिरा आली. हात मात्र वाकडा तो वाकडाच.

डॉक्टरीणबाईच्या त्या कागदावर साहेबांवरची केस अजून चालू हाय. तारखेला आम्ही दोघं जिते स्टेशनात गाडी पकडतो, तांदळाची भाकरी न् सुकट बांधून, जत्रेला निघाल्यासारखं. साहेब आता रिटायर, कोर्टात समोरच्या बाकावर गुडघे धरून बसतात. परवा विचारलं, साहेब, जेवलात का? मग भाकरी ठेवली शेजारी. खोटं नाय सांगत, रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी मागते, देवा, साहेबांना भरपूर आयुष्य दे, निकाल ऐकल्याशिवाय नेऊ नको.