राऊटरच्या यादीतला तिसरा फोन

क्रांती चौकातून सकाळची पडेगावची बस सुटली. शालूच्या पुढच्या बाकावर शाळेत शिकवणाऱ्या दोघी बसल्या होत्या. शालूला ऐकायचं नव्हतं, पण कान तिकडंच गेले.

"आशाताई, घरच्या कॉम्प्युटरचं वायफाय झालं का सुरू?"

"झालं. राऊटर तीनदा बंद-चालू केला, पासवर्ड परत टाकला, तरी नेट टिकंना. मग काल मेकॅनिक बोलावला. वायर ढिली होती."

"बरं झालं."

"त्यानं स्क्रीनवर यादी काढली, कोणकोणते फोन जोडलेत त्याची. माझा, ह्यांचा, अन् तिसरा आमच्या लेकाचा, सत्यमचा."

"तुमच्या सत्यमचा? ताई, त्याला घर सोडून दोन वर्षं झाली."

"व्हय. रोज दुपारी तासभर जोडलेला असतो म्हणाला. मी पुसलं, रस्त्यावरून जोडता येतो का? तर म्हणं, तुमची रेंज अंगणातसुद्धा पोचत नाय."

"दुपारी घरी कोण असतं?"

"हेच, एकटे."

"पण त्यांनीच तर हाकललं त्याला. घरात त्याचं नावसुद्धा काढू देत नव्हते."

"तेच तर, मोनिका. मी गुपचूप यादी बंद करायला लावली."

शालूचा थांबा मागं गेला.

"मग विचारलं त्यांना?"

"नाय. आज निघताना चार भाकरी जास्त झाकून ठेवल्या."

"काय म्हणाले?"

"भाकरी मोजल्या. मग म्हणाले, ठेचा पण ठेव."

"त्यांना तर तिखट चालत नाय ना?"

"नाय चालत."