पेन्शन आहे म्हणून

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू साहेब, तिचा पाय हालते, इथे दिवाणवर बसा. हां, काय विचारून राहिले होते तुम्ही — हात. हिंगण्याले कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. पत्रा सरकवाले हात घातला अन् वरून प्रेस आली. उजवा पंजा गेला. सर्टिफिकेट पाह्यलं ना तुम्ही, साठ टक्के. आता साठच काहून, सत्तर काहून नाही, ते डॉक्टरले माहीत. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, जेवाचा हात गेला अन् तुम्ही चाळीस टक्के मले वापस देऊन राहिले. हासले ते.

कर्ज हाताच्या आधीचं आहे. हा वरचा स्लॅब पाहा, तुमच्याच बँकेचा. तेव्हा पगार होता, ओव्हरटाइम होता, एक हप्ता चुकला नाही, काढून पाहा रेकॉर्ड. मग हात गेला, कामावरून काढलं, हप्ता थांबला. आता तुमचीच बँक म्हणते, ज्याले कमवताच येत नाही त्याचं व्याज माफ, थोडे पैसे एकदम भरा अन् मोकळे व्हा. केला अर्ज. वापस आला. काहून? तर पासबुकात दर महिन्याले अपंगाची पेन्शन जमा होते, म्हणजे माहं नियमित उत्पन्न आहे. घ्या. तहसीलमधे मी निराधार म्हणून जे पैसे भेटते, तेच तुमच्या बँकेत आले की मी कमावता माणूस. म्हटलं, मग पेन्शनच बंद करतो, कटकट नको. गेलो तहसीलले. तिथला बाबू म्हणते, बंद कराची तर लिहून द्या की मी कमवू शकतो. आता सांगा — ते लिहून दिलं तर तुम्ही माफी देणार का? नाही देणार. नाही लिहून दिलं तर पेन्शन चालू, म्हणजे तरी माफी नाही. दोन वर्षं झाली साहेब, मी या दोन टेबलांच्या मधात उभा आहे. जीव कंटाळला माहा, म्हणून परत अर्ज टाकला, अन् आता तुम्ही चौकशीले आले.

एकटा असतो तर राहिलो असतो उभा. पण जामीनदार प्रशिक आहे, माह्या बायकोचा लहाना भाऊ. मी हप्ता भरत नाही म्हणून त्याच्या पगारातून कापून राहिले तुम्ही. त्यानं तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या पोरीच्या नामकरणाले आम्हाले बोलावलं नाही — जया, माही बायको, त्या दिवशी भांडे घासत बसली, घासलेलेच परत घासत होती. मले बाकी काही नको. तेवढं त्या पोराच्या डोक्यावरून उतरवा.

घर? घर जया चालवते. शाळेत खिचडी शिजवाले जाते, आता तिकडेच गेली. जातानी सांगून गेली, बँकेचे साहेब आले की हो-नाही एवढंच बोला, तुमचं तोंड म्हणजे — जाऊ द्या.

ते? ते मिक्सर आहे. शेजाऱ्यायचं. ते दुसरंही शेजाऱ्यायचं. तिसरं — शेजारी भरपूर आहे ना आम्हाले. नाही हो, पैसे कशाचे. असंच, बसल्या बसल्या — म्हणजे माणूस दिवसभर करन काय? पहिले मी नुसता भिंतीकडे पाहत राहत होतो. जया कामावर जाये, मी भिंतीकडे. मग एक दिवस घरचा मिक्सर बिघडला, उघडून पाह्यला, डाव्या हातानं. हा स्क्रू पाहा केवढा बारीक — मांडीत मिक्सर दाबतो, वायर दातात धरतो, अन् हे असं — पाह्यलं? दोन हातवाल्यायले जमत नाही साहेब. मोटरचा कार्बन बदलवाले ते अर्धा तास लावते, मी दहा मिनिटं. बाजारातले दुकानदार स्वतः माह्याकडे पाठवते, म्हणते प्रेमानंदभाऊकडे द्या, वापस याचं काम नाही —

तुम्ही लिहून राहिले. काय लिहिलं? नाही, दाखवा ना. साहेब, ते खोडा. पन्नास-साठ रुपये भेटते हो, तेही कोणी दिले तर. हे तुमच्या कागदात गेलं तर माफी गेली, तहसीलले कळलं तर पेन्शनही गेली, अन् प्रशिकचं — नाही नाही, पाया पडतो तुमच्या.

काय म्हणता? नुसतं टिपण आहे, अर्जात नाही भरलं अजून? बरं. बरं झालं. हो, अर्जाले जोडाले व्हिडिओ काढा ना मोबाइलवर, मी कुठे नाही म्हणतो. काय बोलू? "पेन्शनशिवाय उत्पन्न नाही, कोणतंच काम करू शकत नाही" — एवढंच? हात दिसला पाहिजे, हां, हा घ्या. थांबा, त्या मिक्सरवर चादर टाकतो. झालं. चालू केलं?

मी प्रेमानंद गजभिये, राहणार जरीपटका. कारखान्यात माहा उजवा हात गेला. पेन्शनशिवाय मले उत्पन्न नाही. मी कोणतंच — मी आता कोणतंच काम — घोटभर पाणी पितो. नाही, बंद नका करू, चालू राहू द्या. मी कोणतंच काम करू —

कोण आहे? तारा वहिनी. नाही वहिनी, कोणता मिक्सर? तुम्ही दुसऱ्या कोणाकडे दिला असन. हासू नका, मी खरं बोलून राहिलो. इथे कोणी मिक्सर दुरुस्त करत नाही. एका हातानं काय येते वहिनी माणसाले — मले काहीच येत नाही. जा तुम्ही. म्हटलं ना, जा.