उन्हात मिटलेला डोळा

डहाणूत डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक चिखल्याची म्हातारी, मोतीबिंदू दाखवायला आलेली. दुसरी वरोरची, सहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेली.

"हिला काय झालं गं बाय?"

"डोळा बाहेर सरकतो, मावशी. कानाकडे."

"मला तर सरळच दिसतो."

"जवळ बघते तेव्हा सरळच असतो. बापाची बोट शोधत लांब समुद्राकडे बघत राहिली, की एक डोळा निसटतो. हाक मारली की परत जागेवर. मलाही कधी कळलं नाही."

"मग कळलं कोणाला?"

"गावातल्या आशाताईला, घरोघरी तब्येत विचारायला येते ती. तिनं विचारलं, पोर उन्हात एक डोळा मिटते का?"

"मिटते?"

"मिटायची. बोंबील सुकत घातले, की कावळे हाकायला बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याकडे एक डोळा मिटून बघायची. बाया हसायच्या, तुझी पोर डोळा मारते म्हणायच्या. मला लाज वाटली. दोन फटके दिले."

"पोरीची जात. वेळीच आवरलेली बरी."

"उन्हाचा त्रास व्हायचा तिला, मावशी. म्हणून मिटायची."

"अगं बाई... जाऊ दे, तुला काय ठाऊक होतं? आता डॉक्टर बघतील."

"डॉक्टर विचारतील, अजून मिटते का? काय सांगू?"

"खरं ते सांग. मिटते म्हणावं."

"एक नाही मिटत आता. उन्हात गेली की दोन्ही मिटून बसते."