दोन रामचंद्रराव

आमच्या तंजावरी घरांत नातवाला आजोबांचंच नाव ठेवायची हौस भारी, पण त्यापायी माझा जीव जायची वेळ आली होती, ऐका! आमचे हे रामचंद्रराव, आणि पापनाशमचे त्यांचे चुलतभाऊ तेही रामचंद्रराव. मुलाच्या मोबाइलमध्ये दोघांचीही खाती. ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यानं दुबईहून पैसे पाठवले, ते नेमके त्या भावजींच्या खात्यात! घरचे देव कुणाकडे राहावेत यावरून दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. आणि बँक म्हणते, "त्यांनी संमती दिली, तरच पैसे परत जातील."

मी पदर खोचला आणि बसनं पापनाशम गाठलं. दारातच म्हटलं, "भावजी, चुकून..."

"ठाऊक आहे, वहिनी. पाठवणाऱ्याचं नाव आणि खाली 'बाबांच्या ऑपरेशनसाठी' लिहिलेलं बघितलं आणि कालच बँकेत सही करून आलो. आधी कॉफी घ्या."

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, "म्हणजे भांडण मिटलं म्हणायचं?"

"छे, मिटतंय कसलं! त्याला म्हणावं, आधी बरा हो, मग भांडायला ये. देव अजून माझ्याकडेच आहेत."