जमादार आणि अठरा वर्षांचा खून

माझी नवीकोरी सायकल चोरीला गेली, तेव्हाची गंमत ऐका. मी तेव्हा देऊळघाटला मास्तर होतो. धावतच ठाण्यात गेलो, तर जमादार रहस्यकथा वाचण्यात गुंग.

“जमादारसाहेब, माही सायकल चोरली हो कोणीतरी!”

“बसा मास्तर. अठरा वर्सं जुना खून हाये, आता खुनी सापडूनच राह्यला.”

तासभर माझा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि चक्क डोळे पुसले.

“अठरा वर्सांनी धरला पठ्ठ्यानं! तपास असा पाह्यजे. बोला, सायकल कधी गेली?”

“आज सकाळी.”

जमादारांचा उत्साहच मावळला. “आज सकाळी? मंग मास्तर, एवढी घाई काऊन करून राह्यले?”