लाल स्टिकरवरची सही

नाही, मले एक सांगा, वेल्डिंग मशीनच्या काट्याले खोटा म्हटलं तर मी काय कोणाच्या बापाले शिवी दिली का? पण नाही. इंजिनिअर झालं, लॅबमधी लागलं, खरं बोललं की लोक पहिले पाणी देतात आणि मंग असं पाहतात, जसं काही आपणच त्यायची गॅलरी पाडून आलो…

तुमाले सांगतो, सकाळपासूनच दिवस वाकडा. अकोल्याहून अकोटची एसटी, सोबत माही लोड बँक. म्हणजे लोखंडाची जड पेटी. मशीनले जोडली की वेल्डिंग न करता करंट खेचते, आपण आरामात मोजत बसायचं. कंडक्टर म्हणे, "याचं सामानाचं तिकीट लागन." मी नियम सांगितला, त्यानं वजन विचारलं, मी खरं सांगितलं, तिकीट लागलं. आकडा तोंड पाहून बोलत नाही, माहं तत्त्वच हाय ते.

तर अकोटात अब्दुल सत्तार चाचाचं फॅब्रिकेशनचं दुकान. मुलींच्या वसतिगृहाचे गॅलरीचे कठडे बनवायचं काम त्यायले मिळालेलं, पण अट अशी की चारही मशीनचे व्होल्ट आणि अँपिअरचे काटे तपासून आमच्या लॅबचं हिरवं स्टिकर पाहिजे. तपासणीले वसतिगृहाकडून किसनराव साहेब तीन वाजता येणार. स्टिकर नाही तर काम दुसऱ्याले. चाचा साठीचे, पण सकाळी नवा सदरा घालून बसलेले. पण आपण काय सदऱ्याले स्टिकर देतो का?

पहिली मशीन लावली. व्होल्ट, एकदम बरोबर. अँपिअर? मशीनचा काटा म्हंते एकशे वीस, माहा क्लॅम्प मीटर म्हंते एकशे अडतीस! क्लॅम्प म्हणजे केबलभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर. दुसरी मशीन, अठरा जास्त. तिसरी, अठरा. चौथी… अठरा. साठवर ठेवा, अठरा जास्त. दीडशेवर ठेवा, अठरा जास्त. म्हटलं वा, घोटाळा पण किती शिस्तीत करून राहिल्या या मशीनी!

चाचा म्हणे, "बेटा, एकशे वीसच हाय. आवाज ऐक." आणि बसले की वेल्डिंगची झाळ मारायले. म्हणे भजे तळल्यासारखा आवाज येऊन राहिला, वीस जास्त असते तर तडतडला असता, पातळ नळीले भोक पडलं असतं. मी म्हटलं, चाचा, आजकाल भज्यावर कोणी सर्टिफिकेट देत नाही. त्या कठड्याले पोरी टेकून उभ्या राहतील. आकडा तोंड पाहून बोलत नाही. आणि लावले चार लाल स्टिकर. मोठ्या अक्षरात नापास, खाली तारीख, माही सही. सही तर अशी ठसठशीत केली, जसं काही देश सुधारून राहिलो.

चाचा भांडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते उठले, हात धुतले, आणि लेकीले म्हणाले, "नगमा, साहेबांले चहा आन."

नगमा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाले. तिनं चहा ठेवला, मेन स्विच पाडला, मशीनची पिन पण काढली. मंग केबलकडे पाहत उभी राहिली. माहा क्लॅम्प तिथंच लटकलेला.

"भाई, मशीन बंद हाय ना?"

"हो."

"मंग हे अठरा कोन खाऊन राहिलं?"

अरे देवा… अठरा! पिन काढलेल्या मशीनमधी अठरा अँपिअर! तुमाले सांगतो, चहा तसाच खाली ठेवला आणि क्लॅम्प हातात घेतला. क्लॅम्प रिकामा धरून शून्याचं बटन दाबायचं असते, दर वेळी, मोजायच्या आधी. मी घाईत दाबलंच नव्हतं! आणि आमच्या लॅबच्या भिंतीवर कागद लावला हाय, "मोजण्याआधी शून्य करा", खाली दोन रेघा. अक्षर कोणाचं? माहंच.

दोन वाजले होते. बटन दाबलं, चारही मशीन पुन्हा लावल्या. एकशे वीसले एकशे एकवीस, कुठं एकशे एकोणीस… पास! चारही पास! एवढं हलकं मले माह्या डिग्रीच्या निकालालेही वाटलं नव्हतं. मंग मी, चाचा आणि नगमा, तिघं नखानं लाल स्टिकर खरवडून राहिलो. किसनराव आले, हिरवे चार मोजले, काट्याकडे पाहिलंही नाही, सही करून गेले. मी चाचाची माफी मागितली. चाचा म्हणे, "भजे खातो का?"

संध्याकाळची एसटी. कंडक्टर तोच. तो पेटीकडे वाकून पाहून राहिला. चौथं लाल स्टिकर नगमानं पेटीच्या झाकणावर नीट, सरळ चिकटवलं होतं.

"साहेब, नापास कोन? पेटी का तुमी?"

खाली तारीख, खाली सही. आता आकडा तोंड पाहून बोलत नाही म्हटल्यावर…

म्हटलं, "मीच भाऊ. पेटी पास हाय. द्या दोघांचं तिकीट."